कावळ्यावरचा आळ

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली' असं म्हणताना आपण बहुतेक वेळा कोणाची तरी बाजू घेत असतो. निवांत गप्पांत ही म्हण सहसा येत नाही. त्याआधी कोणीतरी कोणावर तरी काहीतरी ढकललेलं असतं. नवा साहेब रुजू झाला आणि कंपनीचं दिवाळं निघालं. त्याने गाडीला हात लावला आणि ती बंद पडली. ती नुसतं 'आभाळ भरून आलंय हं' म्हणाली आणि लग्नाचा मांडव भिजला. मग बसलेल्यांतला एखादा जाणता माणूस म्हणतो, 'अहो, कावळा बसायला...' आणि पुढचं वाक्य पुरं करायचीही गरज पडत नाही. ही म्हण म्हणजे कावळ्याचं वकीलपत्र आहे. अशील घटनास्थळी हजर होतं हे मान्य, बाकी आरोप नामंजूर.

मला ही म्हण आवडते. पण तिच्या मुळाशी गेलं की एक गंमत कळते. तिथे फांदीच नाही.

संस्कृतात या म्हणीचं नातं 'काकतालीय' या शब्दाशी आहे. काक म्हणजे कावळा आणि ताल म्हणजे ताड. ताडाला फांद्या नसतात. सरळसोट खोड, वीस-पंचवीस मीटर उंचीवर झावळ्यांचा झुबका आणि त्यात घोसाने लटकलेली, पिकल्यावर किलोभराहून जड होणारी फळं. त्यामुळे जुन्या गोष्टीत मोडायला काही नाही, पडायला मात्र आहे. ही गोष्ट सापडते तीही एखाद्या कथासंग्रहात नव्हे, व्याकरणाच्या ग्रंथात. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायात 'समासाच्च तद्विषयात्' असं एक सूत्र आहे. असले शब्द कसे बनतात ते सांगणारं, अगदी कोरडं. त्यावर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात खुलासा केला की कावळ्याच्या येण्यासारखं आणि ताडफळाच्या पडण्यासारखं जे ते 'काकताल', आणि त्या काकतालासारखं जे ते 'काकतालीय'. म्हणजे एका शब्दात दोन उपमा दडपून बसवल्या आहेत. वैयाकरणांना अशा गोष्टींचा जो आनंद होतो, तो आपल्याला होईलच असं नाही. पण पुढे सातव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या काशिकावृत्तीत, म्हणजे अष्टाध्यायीवरच्या टीकेत, या दोन उपमा उलगडून सांगितल्या आहेत, आणि तिथे अंगावर काटा येतो.

काशिका सांगते की कावळ्याचं येणं 'यादृच्छिक' होतं, ताडफळाचं पडणंही तसंच. पडणाऱ्या त्या फळाने कावळ्याचा वध झाला. त्याचप्रमाणे देवदत्त कुठेतरी आला, नेमके त्याच वेळी दरोडेखोर तिथे येऊन कोसळले आणि त्यांनी त्याला मारलं. बस्स, एवढंच. व्याकरणाच्या पुस्तकातल्या देवदत्ताला तसे बरेच उद्योग असतात. तो भात शिजवतो, गावाला जातो, गाय आणतो. इथे एका प्रत्ययाचं उदाहरण म्हणून त्याचा जीव जातो. आणि टीकाकार त्याच्या पूर्वजन्माबद्दल, ग्रहांबद्दल, पापाबद्दल चकार शब्द काढत नाही. ज्या संस्कृतीवर उठल्यासुटल्या दैववादाचा शिक्का मारला जातो, तिच्या एका पाठ्यग्रंथात हे वाचायला मिळतं की माणूस आला, दरोडेखोर आले, दोन्ही आपापल्या वाटेने आले. काशिका यासाठी शब्द वापरते 'अतर्कितोपनत', म्हणजे तर्कही केला नसताना समोर येऊन ठाकलेलं.

म्हणजे मूळ गोष्टीत कावळा आरोपी नाहीच. तो मेलेला आहे.

पण कावळ्याचं नशीब एवढ्यावर संपत नाही. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी 'कुवलयानंद' हा अलंकारांवरचा ग्रंथ लिहिला. त्यात उपमेचे प्रकार सांगताना हाच काकतालीय येतो, पण उदाहरण एका प्रियकराचं. तो सहज कुठेतरी गेला, तिथे एकांतात ती भेटली, आणि ध्यानीमनी नसताना तिचं प्रेम त्याला लाभलं. इथे कावळा येतो, ताडफळ पडतं, आणि कावळा ते फळ खातो. तोच शब्द, तीच दोन आगमनं, एकीकडे प्रेत आणि दुसरीकडे मेजवानी. वामन शिवराम आपट्यांनी आपल्या संस्कृत कोशात या न्यायाची, म्हणजे दृष्टान्ताची, माहिती देताना या दोन्ही गोष्टींची दखल घेतली आहे. मला यात विसंगती वाटत नाही. यदृच्छा म्हणजे यदृच्छा. तिने वाईटच करावं असा नियम कुठे आहे?

योगवासिष्ठाने तर हा शब्द इतका वापरलाय की वाचताना जागोजागी कावळे उडताना दिसतात. जग दिसतं आहे ते काकतालीयवत्, मनात अमुक स्फुरलं ते काकतालीयवत्. आणि याच ग्रंथात वसिष्ठ रामाला ठासून सांगतात की दैव म्हणून वेगळी काही चीज नाही, पूर्वीचा पुरुषार्थ आणि आताचा पुरुषार्थ हे दोन एडक्यांसारखे झुंजतात आणि ज्याच्यात जोर जास्त तो जिंकतो. योगायोगाला एवढी मोकळीक आणि नशिबाला एवढी बंदी, ही जोडी मला फार विचारात पाडते. आपल्याकडे सर्रास उलटं असतं. नशीब मान्य, योगायोग अमान्य.

काशिकेत काकतालीयाच्या शेजारी आणखी दोन भावंडं बसली आहेत. अजाकृपाणीय म्हणजे शेळी आणि तलवार यांची नको त्या क्षणी पडलेली गाठ. आणि अंधकवर्तकीय म्हणजे आंधळ्याच्या हाती अवचित लागलेला लावा पक्षी. पुढे घुणाक्षर न्यायही आला, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेतून चुकून एखादं अक्षर उमटणं. हा न्याय मला या सगळ्यांत सुरेख वाटतो, कारण त्यात कोणी मरत नाही आणि कोणाला काही मिळत नाही. फक्त ज्याला वाचता येतं तोच फसतो.

या सगळ्यांत गोष्ट फिरते ती भर्तृहरीपाशी. नीतिशतकात एक टकला माणूस आहे. उन्हाने त्याचं डोकं तापलं, म्हणून तो सावली शोधत एका झाडाखाली गेला. काही पाठांत ते झाड ताडाचं आहे, काहींत बेलाचं. तिथे वरून भलंमोठं फळ पडलं आणि 'भग्नं सशब्दं शिरः', डोकं फुटलं, तेही आवाज करून. त्या 'सशब्दं'मध्ये भर्तृहरीचा खट्याळपणा आहे असं मला नेहमी वाटतं. पण शेवटच्या चरणात तो निष्कर्ष काढतो की अभागी माणूस जिथे जातो, तिथे संकटंही बहुधा त्याच्या मागोमाग जातात. फळ तेच, डोक्यावर पडणं तेच, आणि निकाल बरोब्बर उलटा. काशिकेच्या कावळ्याला कोणी अभागी म्हटलं नव्हतं, तो फक्त तिथे होता. टकल्याच्या बाबतीत मात्र फळाला जणू पत्ता माहीत होता.

ही एका चरणाची उडी आपण रोज मारतो. मराठीत तिला स्वतंत्र शब्दही आहे, पायगुण.

पायगुण हा शब्द तसा गोड आवाजातही वापरला जातो. सून घरात आली, मुलाला बढती मिळाली, 'लक्ष्मीच्या पावलांनी आली हो'. पण त्याच शब्दाच्या दुसऱ्या टोकाला 'पांढऱ्या पायाची' बसलेली असते. आमच्या नात्यात मागच्या पिढीत अशी एक बाई होती. तिचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत तिचे सासरे वारले. ते आधी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले होते, घराने मनातल्या मनात निरोपाची तयारीही केली असावी. तरी सुतकाच्या दिवसांत भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी ते दोन शब्द बोललंच. आणि असले शब्द एकदा घरात शिरले की बाहेर जात नाहीत. म्हैस आटली, विहिरीचं पाणी खाली गेलं, दिराचं लग्न मोडलं, प्रत्येक वेळी कोणी उघड काही म्हणालं नाही, पण नजर तिच्याकडे वळायची. हे मी आईकडून ऐकलं आहे. घरात फक्त चुलत आजोबा होते जे तिच्या बाजूने बोलायचे, आणि त्यांचं बोलणं म्हणजे ही म्हण. वर ते आपल्या पदरचं एक वाक्य जोडायचे, 'फांदी कधीची वाळली होती ते बघा की.'

कावळ्याचं वकीलपत्र कशाला हवं, याचं उत्तर मला या हकिगतीत मिळालं. ताडाच्या गोष्टीत कावळ्यावर फळ पडतं, तिथे आळ घ्यायला कोणी उरतच नाही. मराठीने झाड बदललं, फळाच्या जागी फांदी आणली आणि कावळ्याला जिवंत ठेवलं. मग साहजिकच त्याच्यावर संशय घेता आला, आणि संशयातून सोडवताही आलं. त्यात फांदीवर बसण्यात थोडी शक्यताही आहे. कावळा जेमतेम तीनशे ग्रॅमचा पक्षी, पण वजन ते वजनच. ताडाखाली उभ्या असलेल्याने फळ पाडलं असं कोणी म्हणणार नाही. फांदीवर बसलेल्याने ती मोडली असं मात्र शपथेवर सांगणारे साक्षीदार मिळतील.

पुढे त्या बाईच्या मुलाने चांगलं नाव काढलं, तेव्हा तीच माणसं म्हणू लागली की हिच्या पायाने घर वर आलं. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. 'तेव्हा मी काही केलं नव्हतं, आता राबले,' एवढंच म्हणाली. स्तुती परत करणं हे निंदा परत करण्यापेक्षा कठीण असतं. लक्ष्मीची पावलं आणि पांढरे पाय यांचा हिशोब एकाच वहीत चालतो हे तिला कळलं होतं. एकावर सही केली की दुसऱ्यावर आपोआप होते.

या वहीचा घोटाळा समजून घ्यायला चार खाने पुरतात. कावळा बसला आणि फांदी मोडली. कावळा बसला आणि फांदी मोडली नाही. कावळा बसला नाही तरी मोडली. बसला नाही आणि मोडलीही नाही. आपल्या लक्षात राहतो तो फक्त पहिला खाना, कारण त्यातच आवाज होतो. दुसऱ्या खान्यात रोजचे असंख्य कावळे असंख्य फांद्यांवर बसून उडून जातात, आणि त्याची नोंद ठेवायला कोण बसलंय? सुना घरी येतात आणि सासरे ठणठणीत राहतात, त्या घरांबद्दल कोणी कुजबुजत नाही.

चारही खाने भरून पाहण्याचा एक प्रयत्न आपल्याकडे झाला आणि तो व्हायला हवा तितका आठवला जात नाही, म्हणून सांगतो. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. एकूण २०० कुंडल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. त्यातल्या सरमिसळ केलेल्या ४० कुंडल्यांचा संच प्रत्येक ज्योतिषाला पाठवायचा आणि कुंडली कुठल्या गटातली ते त्याने सांगायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांत वरचा निकाल ४० पैकी २४ होता, आणि सर्वांची सरासरी निम्म्याहूनही कमी भरली.

आता त्या २४ कडे जरा बघा. ४० पैकी २४ बरोबर! हे एकटं सांगितलं तर एखाद्याचा विश्वास बसायला पुरेसं आहे. पण २७ माणसांना बसवून प्रत्येकी ४० वेळा नाणं उडवायला लावलं, तर त्यांतल्या निदान एकाचे २४ किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता शंभरात अठ्ठ्याण्णवच्या घरात आहे. म्हणजे कोणीतरी २४ वर पोचणारच होतं. त्याचं नाव आधी सांगता आलं नसतं, एवढंच. मग तो माणूस उरलेलं आयुष्य ते गुणपत्रक भिंतीवर लावून बसला, तर त्याला दोष देणं मला जड जाईल. त्याच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

इथवर मी कावळ्याच्या बाजूनेच बोलत आलो. पण हे वकीलपत्र विकतही घेता येतं.

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना प्रश्नावली पाठवली. ४० हजारांहून जास्त डॉक्टरांनी आपल्या सवयी लिहून कळवल्या, आणि मग कोण कशाने जातं याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. यावर शंका घेणारा माणूस कोणी ऐरागैरा नव्हता. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर १९५७-५८ मध्ये म्हणू लागले की दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही, कदाचित माणसाच्या जन्मजात घडणीतच असं काही असेल जे त्याला सिगारेटही ओढायला लावतं आणि कर्करोगही देतं. फिशर स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते. त्यांचा तर्क नियमाला धरून होता. ही म्हणच त्यांनी गणिताच्या भाषेत मांडली होती. फक्त इथे एक कावळा आणि एक फांदी नव्हती. इथे हजारो फांद्या होत्या, चारही खाने भरलेले होते, जितकी जास्त सिगारेट तितका जास्त धोका अशी चढती पायरी होती, आणि सोडणाऱ्यांचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी भरत होता. फिशर चुकले. अशा वेळी 'कावळा बसायला' म्हणणं म्हणजे शहाणपणाच्या सुरात खोटं बोलणं होतं.

तेच सूर आपल्याला ओळखीचे आहेत. पूल पडतो, बॉयलर फुटतो, आणि कोणीतरी गंभीर चेहऱ्याने सांगतं की दुर्दैवी योगायोग. माझ्या चुलत आजोबांचं पदरचं वाक्य अशा वेळी उलटून विचारावंसं वाटतं. फांदी वाळली होती ना? मग ती कधी वाळली, कोणाला दिसली होती, छाटायचं काम कोणाचं होतं? कावळा सुटला म्हणून खटला संपत नाही.

मराठीत कारण आणि योगायोग यांच्या मधोमध आणखी एक जागा आहे. तिला आपण 'निमित्त' म्हणतो. 'तब्येत खालावलेलीच होती हो, पडणं निमित्त झालं.' गीतेत कृष्ण अर्जुनाला 'निमित्तमात्र हो' म्हणतो, तिथून हा शब्द घराघरांत आला की आधीपासून होताच, कोण जाणे, पण मृत्यूच्या बातमीत तो हटकून येतो. त्यात कावळ्याला पूर्ण सोडलेलंही नाही आणि पकडलेलंही नाही. शेवटचे तीनशे ग्रॅम त्याचे होते, एवढं मान्य केलं आहे. मला वाटतं बरेचदा खरी परिस्थिती हीच असते, आणि भांडणात ती कोणालाच नको असते. एका पक्षाला कावळा दोषी हवा असतो, दुसऱ्याला बाइज्जत बरी.

मेजवानीवाल्या कावळ्याबद्दल मात्र आपण सहसा बोलत नाही. दुसऱ्याचं यश असेल तर म्हण लगेच ओठांवर येते. त्याने जमीन घेतली आणि शेजारून रस्ता गेला, कावळा बसायला आणि... स्वतःच्या जमिनीशेजारून गेला की आपली दूरदृष्टी. हितोपदेशात या कावळ्यावर एक श्लोक आहे, 'काकतालीयवत्प्राप्तं दृष्ट्वापि निधिमग्रतः'. काकतालीय न्यायाने ठेवा अगदी समोर येऊन पडला, तरी दैव काही तो स्वतः उचलून देत नाही, तिथे माणसाच्या प्रयत्नाची वाट पाहावी लागते. यशस्वी माणसांना हा श्लोक आवडावा असाच आहे, कारण उचलण्याचं श्रेय त्यांना मिळतं. पण श्लोक पहिल्याच शब्दात कबूल करून टाकतो की ठेवा तिथे येण्यात त्यांचा हात नव्हता. हा अर्धा भाग सत्काराच्या भाषणांत कधी ऐकलाय? मी तरी नाही.